छातीतल्या पाण्यात तुती दिसते तेव्हा

छातीतून काढलेलं पाणी आमच्याकडे, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत, येतं ते बहुतेक वेळा लिंबाच्या सरबतासारखं फिकट पिवळं, नाहीतर रक्त मिसळून लालसर झालेलं. पण कधीतरी एखादी बाटली तिरपी करावी तर आतलं पाणी लगेच हलतच नाही. काकवीसारखं सावकाश घरंगळतं. ड्रॉपर वर उचलला की मागे तार येते. ही चिकट तार हायलुरॉनिक आम्लाची. चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या जाहिरातीत ज्याचं नाव असतं, तेच हे. अशी बाटली हातात आली की स्लाइड बघायच्या आधीच मनात एक शंका येते: मेसोथेलिओमा, म्हणजे छातीच्या आतल्या अस्तराचा कर्करोग, तर नसेल?

शंका म्हणजे निदान नव्हे. पुष्कळ मेसोथेलिओमांचं पाणी अगदी साधं, पातळ असतं. निदान करायचं ते पाण्यात तरंगणाऱ्या पेशींवरून, आणि ते कसं करतात, त्यात इतकं अवघड काय आहे, हे आज सांगायचं आहे.

घरात आपण ‘फुफ्फुसात पाणी झालं’ म्हणतो. पाणी खरं तर फुफ्फुसात नसतं, फुफ्फुसाच्या बाहेर असतं. फुफ्फुसाला एक पातळ आवरण चिकटलेलं असतं आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून दुसरं. या दोन आवरणांमध्ये निरोगी माणसात जेमतेम दोन-चार चमचे पाणी असतं, दाराच्या बिजागरीला घातलेल्या तेलाइतकं. त्यामुळे दिवसरात्र श्वास घेऊनही काही घासत नाही. या आवरणाला आतून पेशींचा एकच थर असतो, फरशा बसवल्यासारखा. त्या फरशा म्हणजे मेसोथेलियल पेशी. असंच अस्तर हृदयाभोवती, पोटाच्या पोकळीत आणि पुरुषांच्या अंडकोशाभोवतीही असतं. या अस्तराच्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. सगळ्यात जास्त तो छातीत होतो, त्याखालोखाल पोटात.

आता मुख्य अडचण. या पेशी स्वभावाने फार चिडक्या आहेत. न्यूमोनिया झाला, यकृत खराब होऊन पोटात पाणी साचलं, हृदयाची ताकद कमी झाली, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की या फरशा फुगतात, सुटतात, पटापट वाढतात. केंद्रक मोठं होतं. एका पेशीत दोन-दोन, तीन-तीन केंद्रकं दिसतात. चार-सहा जणी एकमेकींना चिकटून पाण्यात तरंगतात. पुस्तकातलं कर्करोगाचं वर्णन वाचून नुकताच आलेला विद्यार्थी अशी स्लाइड बघून हमखास ‘मॅलिग्नंट’, म्हणजे कर्करोगाची, म्हणतो. मीही म्हटलं होतं. सरांनी स्लाइड पाहिली आणि एवढंच विचारलं, “पेशंटला ताप आहे का?” ताप होता. न्यूमोनिया होता.

याच्या उलट, मेसोथेलिओमाच्या पेशी पुष्कळदा अगदी सालस दिसतात. केंद्रक गोल, नीटनेटकं, फारसं वेडंवाकडं काही नाही. म्हणजे साध्या आजारात चिडलेली पेशी गुंडासारखी दिसते आणि खरी गुंड सज्जनासारखी. एकेका पेशीचा चेहरा बघून निकाल द्यायला गेलं तर दोन्हीकडे फसायला होतं.

हे फसणं फार जुनं आहे. दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली नावाचं हिऱ्यांच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या टीबीच्या रुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. स्लेग्ज. छातीत पाणी झालेले रुग्ण त्यांच्याकडे टीबी म्हणून भरती व्हायचे आणि टीबीच्या औषधांनी बरे व्हायचे. पण किंबर्लीच्या पश्चिमेकडच्या भागातून येणाऱ्या काहींना औषधं लागूच पडत नव्हती. पश्चिमेला होत्या निळ्या अॅस्बेस्टॉसच्या, म्हणजे एका तंतुमय खनिजाच्या, खाणी. पुढे पॅथॉलॉजिस्ट वॅगनर यांनी स्लेग्ज आणि शस्त्रक्रिया करणारे मार्चंड यांच्याबरोबर असे ३३ रुग्ण गोळा केले आणि १९६० साली निबंध छापला: हा टीबी नाही, हा छातीच्या अस्तराचा कर्करोग आहे. एकाचा अपवाद सोडला तर बाकी सगळ्यांचा त्या अॅस्बेस्टॉसशी कुठे ना कुठे संबंध लागत होता. काही जण खाणीत काम केलेले होते. काहींचं बालपण नुसतं त्या परिसरात गेलं होतं.

ही गोष्ट मला आपल्या फार जवळची वाटते, कारण आपल्याकडेही छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा. आणि तो रास्तच आहे. आपल्याकडे टीबी आहेच तेवढा. पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) भरपूर आणि एडीए नावाची तपासणी वाढलेली, की डॉक्टर औषधं सुरू करतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतात. इथे पेशींची एक खूण उपयोगी पडते, आणि मला ती फार आवडते. टीबीच्या पाण्यात मेसोथेलियल पेशी जवळजवळ नसतातच. आवरणावर फायब्रिनचा, म्हणजे रक्ताची गुठळी ज्याची बनते त्या चिकट प्रथिनाचा, लेप बसतो आणि फरशा त्याखाली दबून राहतात. म्हणून स्लाइडवर मेसोथेलियल पेशींचे थवेच्या थवे असतील तर टीबीचा शिक्का मारायच्या आधी थांबावं. एडीएवर एकट्यावर विसंबू नये, ती मेसोथेलिओमातही कधीकधी वाढलेली सापडते.

आता पाण्याचा प्रवास. पेशंटला पुढे वाकून बसवतात, सोनोग्राफीने जागा बघतात आणि दोन बरगड्यांच्या मधून, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून, पाठीतून सुई घालतात. वरच्या बरगडीच्या खालून रक्तवाहिनी आणि नस जाते, ती चुकवायची असते. पाणी निघतं कधी अर्धा लिटर, कधी दीड लिटर. आणि इथे माझी कायमची तक्रार आहे: निघालेल्या दीड लिटरमधून आमच्याकडे येतं दहा मिली. बाकीचं बेसिनमध्ये. अहो, पेशी त्या बेसिनमध्ये गेल्या! सगळ्या तपासण्या करायच्या तर निदान पन्नास-पाऊणशे मिलिलिटर हवं, आणि मेसोथेलिओमाची शंका असेल तर जितकं द्याल तितकं थोडं. ताजं पाठवावं. लगेच पाठवणं जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावं. रात्रभर टेबलावर उघडं राहिलेल्या बाटलीतल्या पेशी सकाळपर्यंत फुगून विरायला लागलेल्या असतात.

प्रयोगशाळेत पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवतात. पेशी तळाला बसतात. त्या गाळाच्या थोड्या भागाच्या स्लाइड होतात, एक पापानिकोलाऊ रंगात आणि एक गिम्सात. उरलेल्या गाळाचा सेल ब्लॉक करतात. गाळात प्लाझ्मा आणि थ्रॉम्बिन घातलं की दही लागल्यासारखी गुठळी धरते. ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, तिचे केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे. म्हणजे सुट्या तरंगणाऱ्या पेशींचा एक छोटा तुकडा हाती येतो, बायोप्सीसारखा. त्याचे पंधरा-वीस काप निघतात आणि प्रत्येक कापावर वेगळी तपासणी लावता येते. दहा मिलीत हे साधत नाही, म्हणून तर मी चिडते.

मग मायक्रोस्कोप. मेसोथेलिओमाच्या ठळक केसमध्ये पहिली गोष्ट दिसते ती गर्दी. स्लाइडभर पेशी आणि पेशींचे मोठाले गोळे. महाबळेश्वरला द्रोणातून तुती विकतात ना, तसे. बाहेरची कड गुळगुळीत नाही, मण्यामण्यांची. पॅथॉलॉजीत या गोळ्यांना ‘मोरुला’ म्हणतात, आणि तो शब्दही लॅटिनमधल्या तुतीवरूनच आलेला आहे. चिडलेल्या साध्या पेशींचेही गोळे होतात, पण ते लहान. इथे एकेका गोळ्यात कधी शंभरावर पेशी, मधोमध कधी कोलाजेनचा गाभा. दोन पेशी शेजारी असल्या तरी त्यांच्यात बारीक फट राहते, तिला खिडकी म्हणतात. पेशीच्या कडेला धूसर झालर दिसते. ही मेसोथेलियल पेशीच्या अंगावरची लांबच लांब बारीक केसरं. एक पेशी दुसरीला मिठी मारून बसलेलीही वारंवार दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या पेशी एकाच कुळातल्या वाटतात. फुफ्फुसाचा, स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग छातीच्या पाण्यात उतरतो (आणि मेसोथेलिओमापेक्षा तो कितीतरी जास्त वेळा उतरतो) तेव्हा स्लाइडवर दोन जमाती दिसतात: घरच्या मेसोथेलियल पेशी आणि त्यांच्यात घुसलेल्या परक्या. तांदळातले खडे जसे निवडता येतात, तसे ते परके वेगळे काढता येतात. मेसोथेलिओमात खडा असा नसतोच. साधी, जरा मोठी, आणखी मोठी, अशी एकीतून दुसरी होत गेलेली पेशींची रांग असते. कुठे बोट ठेवून ‘इथून पुढे कर्करोग’ म्हणावं, ते कळत नाही.

म्हणून पुढचं काम रंगांच्या तपासणीचं, म्हणजे आयएचसीचं. पेशीत एखादं ठरावीक प्रथिन आहे की नाही, ते ही तपासणी रंगाने दाखवते. ती वाचताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. पहिला: या पेशी कोणत्या घरच्या? आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर दुसरा: त्या बिघडल्या आहेत का?

पहिल्यासाठी कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सीके ५/६, डी२-४० ही मेसोथेलियल घरची ओळखपत्रं. क्लॉडिन-४, सीईए, बीईआर-ईपी४ ही बाहेरच्यांची, बहुतेककरून अॅडेनोकार्सिनोमाची, म्हणजे ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाची. एकावर कधीच भागत नाही. घरची निदान दोन पॉझिटिव्ह आणि बाहेरची निदान दोन निगेटिव्ह आली की घराणं नक्की झालं असं धरतात.

आणि इथे रिपोर्टचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्या नातेवाइकांसाठी एक खुलासा. ‘कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह’ हे वाचून इंटरनेटवर शोधलं की पहिल्याच ओळीत मेसोथेलिओमा येतो आणि घरात रडारड होते. कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह म्हणजे एवढंच की पेशी मेसोथेलियल आहे. तुमच्या-माझ्या छातीतली धडधाकट पेशीही कॅलरेटिनिन पॉझिटिव्हच असते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार वर्षं अडलेलं होतं. त्याला खरा मार्ग सापडला तो पेशीतून काय हरवलंय हे बघायला लागल्यावर. तिसऱ्या गुणसूत्रावर बॅप-१ नावाचं जनुक असतं. त्याचं प्रथिन पेशीची वाढ आटोक्यात ठेवायला मदत करतं आणि निरोगी पेशीच्या केंद्रकात ते कायम हजर असतं. त्याची तपासणी लावली की केंद्रक तपकिरी होतं. मेसोथेलिओमात पुष्कळदा हे जनुकच बिघडलेलं असतं, प्रथिन तयार होत नाही, आणि केंद्रक निळंच राहतं. चांगल्या कापावर हे दृश्य इतकं स्वच्छ असतं की शिकाऊ विद्यार्थ्यालाही दिसतं: तुतीचा अख्खा गोळा निळा, आणि त्याला लागून असलेला एक इवलासा लिम्फोसाइट तपकिरी. तो लिम्फोसाइट महत्त्वाचा. रंग नीट लागलाय, तपासणी बिघडलेली नाही, याची साक्ष तो देतो. आजूबाजूच्या साध्या पेशीही निळ्याच राहिल्या असतील तर तो काप फेकून द्यायचा आणि तपासणी पुन्हा लावायची.

चिडलेल्या साध्या मेसोथेलियल पेशीत बॅप-१ हरवत नाही. म्हणून घराणं मेसोथेलियल ठरलं आणि बॅप-१ गेलेलं दिसलं, की उत्तर मिळालं. तसंच दुसरं एक प्रथिन म्हणजे एमटॅप. त्याचं जनुक नवव्या गुणसूत्रावर पी-१६ या जनुकाच्या अगदी शेजारी राहतं. मेसोथेलिओमात पी-१६चा तुकडा उडतो तेव्हा शेजारचं एमटॅपही बहुधा त्याच्याबरोबर जातं. पी-१६ उडालंय का हे थेट बघायला फिश ही तपासणी असते, पण ती महाग आणि सगळीकडे होत नाही. एमटॅपचा रंग त्यामानाने सोपा.

मात्र उलट बाजूने वाचू नये. बॅप-१ शाबूत आहे म्हणजे मेसोथेलिओमा नाही, असं अजिबात नाही. बऱ्याच मेसोथेलिओमांत ते शाबूतच असतं. आणि बॅप-१ मूत्रपिंडाच्या काही कर्करोगांतही हरवतं, म्हणून पहिला प्रश्न आधी सोडवायचा, दुसरा नंतर.

एवढं सगळं करूनही पाणी काही गोष्टी सांगूच शकत नाही. मेसोथेलिओमाचे मुख्य तीन प्रकार आहेत. एपिथेलिओइड प्रकाराच्या पेशी भराभर पाण्यात सुटतात. सार्कोमॅटॉइड प्रकाराच्या लांबट, तंतूसारख्या पेशी आपल्या जागी घट्ट धरून बसतात आणि पाण्यात उतरतच नाहीत. तिसरा या दोघांची सरमिसळ, त्यात पाण्यात दिसतो तो फक्त पहिला भाग. म्हणून पाणी ‘निगेटिव्ह’ आलं आणि सीटी स्कॅनमध्ये आवरण गाठीगाठींनी जाड झालेलं दिसतंय, तर त्या निगेटिव्हवर निर्धास्त राहू नये. दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढावा लागतो. शिवाय कर्करोग खालच्या चरबीत घुसलाय का, हे तुकड्यातच दिसतं. पाण्यातल्या पेशी मूळ जागेपासून सुटलेल्या असतात, त्या कुठे घुसल्या होत्या ते कसं कळणार? उपचार ठरवतानाही प्रकार माहीत असावा लागतो. म्हणून अनेक ठिकाणी डॉक्टर पाण्यावर निदान झालं तरी बायोप्सी मागतात. पंच्याऐंशीच्या आजोबांना मात्र दम लागलेला असताना दुर्बिणीसाठी भूल द्यायची की पाण्यावरच निकाल धरायचा, हा प्रश्न खराच असतो.

पाण्यावर निकाल धरता येतो, हे सगळ्यात हिरिरीने सांगितलं ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या पॅथॉलॉजिस्टांनी. त्यामागे एक दुःखद कारण आहे. त्याच राज्यात विटेनूम नावाची जागा आहे. १९४३ ते १९६६ तिथे निळा अॅस्बेस्टॉस काढला गेला. खाणीतला उरलेला चुरा गावातल्या रस्त्यांवर आणि अंगणांत पसरला, त्यात पोरं खेळली. २००७ साली सरकारने ते गाव अधिकृत यादीतून काढूनच टाकलं. तिथून देशभर पांगलेल्या माणसांपैकी कितीतरी जण पुढची चार-पाच दशकं छातीत पाणी घेऊन दवाखान्यांत येत राहिले, आणि पर्थच्या लोकांनी जगातल्या बहुतेकांपेक्षा जास्त मेसोथेलिओमा काचेवर पाहिले. त्यांनी २०१३ साली आपला वीस वर्षांचा हिशेब मांडला. साधारण तीन-चतुर्थांश रुग्णांचं ठाम निदान पाण्यावरच झालं होतं, आणि जिथे त्यांनी ठामपणे ‘मेसोथेलिओमा’ म्हटलं होतं तिथे ते चुकले नव्हते. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने पाण्यावरून निदान करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

अर्थात वर्षाला कितीतरी बघणाऱ्याचं ‘नक्की’ आणि दोन वर्षांत एक बघणाऱ्याचं ‘नक्की’ यांत फरक आहे. माझ्यासारखीने अशी स्लाइड आणखी कोणाला तरी दाखवावी. पेशंटनेही स्लाइड आणि ब्लॉक मागून घेऊन दुसरं मत जरूर घ्यावं. त्याचा कोणा शहाण्या डॉक्टरला राग येत नाही. रिपोर्टवर ‘एटिपिकल’ किंवा ‘सस्पिशस’ असं मधलंच काही लिहिलेलं असतं, तेव्हा लोकांना वाटतं की डॉक्टर टाळाटाळ करतात. २०२०पासून अशा पाण्याच्या रिपोर्टसाठी पाच ठरावीक वर्ग आहेत आणि हे दोन त्यांतलेच. त्यांचा अर्थ: हातात आहे त्या पेशींवर एवढंच म्हणता येतं, पुन्हा पाणी पाठवा किंवा तुकडा काढा.

राहता राहिला फॉर्म. बाटलीबरोबर एक कागद येतो आणि त्यावर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. बहुतेक वेळा रिकामा, नाहीतर ‘निवृत्त’. अॅस्बेस्टॉसचा तंतू छातीत गेल्यापासून मेसोथेलिओमा व्हायला वीस ते पन्नास वर्षं लागतात, म्हणून आज काय करता याला फारसा अर्थ नसतो. विशीत काय करत होतात हे हवं असतं. जुन्या जहाजांच्या बॉयलरला आणि पाइपांना अॅस्बेस्टॉसचं वेष्टण असायचं, आणि मुंबईत दारूखान्याला अशी जहाजं तोडली गेली आहेत. सिमेंटच्या पत्र्यांत आपल्याकडे आजही पांढरा अॅस्बेस्टॉस असतो. (घरावर पत्रे आहेत म्हणून झोप उडवून घेऊ नका. धोका मुख्यतः पत्रे कापणाऱ्याला, फोडणाऱ्याला, वर्षानुवर्षं ती धूळ खाणाऱ्याला. आणि त्यांच्यातही बहुतेकांना मेसोथेलिओमा होत नाही.) सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आदेश दिला होता की प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. चाळीस हा आकडा वाचला की कळतं, कोणीतरी हा आजार समजून घेऊन तो लिहिलाय.

एकदा फॉर्मवर ‘शेतकरी’ लिहिलेलं होतं. पाणी चिकट, स्लाइडवर तुती. मी वॉर्डात फोन लावला. पेशंटचा मुलगा बोलत होता. म्हटलं, बाबा शेतीच्या आधी काय करायचे? तो म्हणाला, “काही नाही, शेतीच.” मग मागून बाईंचा आवाज आला, “अरे, तुझ्या जन्माआधी मुंबईत होते की नऊ वर्षं. गोदीत. कपडे मीच झटकायचे ना त्यांचे.”

मी बाईंना फोन द्यायला सांगितलं, आणि त्यांचीही छाती कोणी तपासलीय का ते आधी विचारलं.